जोतीरावांचा अर्ज अजून निकालांत निघालेला नाहीं

(घोडेगांव, तालुका नेवासें, येथें ३ जानेवारीस, सावित्रीबाई फुले यांच्या जन्मदिनीं भरलेल्या पालकांच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



आजचा दिवस सावित्रीबाईंचा. तसबिरीला हार घालावा, मुलींकडून दोन भाषणें म्हणवून घ्यावीं, पेढे वांटावे आणि घरीं जावें, हा आमचा दरसालचा रिवाज. हार आम्हींही घातला. पण हार घालणें सोपें आणि हिशेब देणें कठीण. म्हणून आज आम्ही तुमच्यापुढें हिशेब घेऊन उभे आहों. शाळेचा हिशेब मागण्याचा तुम्हांला हक्क आहे, कारण शाळा तुमच्या घामावर चालते. आणि तो देणें आमचें कर्तव्य आहे, कारण आमची भाकरीही त्याच घामाची आहे.

आम्ही कोण, तें आधीं सांगतों. आम्ही सुताराच्या घरचे. आमचे वडील वाकस घेऊन गांवच्या तिफणी भरून देत, औतें नीट करीत, आणि सुगीला खळ्यावर जाऊन चार पायली दाणे पदरांत घेत. आम्ही मराठी शाळेंत शिकलों, पुढें अध्यापक विद्यालयांत गेलों, आणि वीस वर्षांहून अधिक काळ खेड्यांतच खडू झिजवीत आहों. विद्वत्तेची ऐट आमच्यापाशीं नाहीं. जें पाहिलें आणि जें आमच्या हातून झालें, तेंच सांगणार.

इ. स. १८८२ सालीं इंग्रज सरकारनें शिक्षणाच्या चौकशीसाठीं हंटर कमिशन नेमलें. त्या कमिशनपुढें १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं जोतीराव फुल्यांनीं आपलें निवेदन दिलें. याच जोतीरावांनीं तरुणपणीं आपल्या नगरांत येऊन मिस फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहिली होती, आणि १८४८ सालीं पुण्यांत स्वतःची मुलींची शाळा काढून सावित्रीबाईंना तेथें शिक्षिका केलें होतें. म्हणजे हा अर्ज पोथी वाचून लिहिलेला नव्हता; शाळा चालवून लिहिलेला होता.

त्यांचा मुख्य सवाल असा: सरकारच्या तिजोरींत येणारा पैसा बहुतेक रयतेच्या कष्टाचा, मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर सढळ हातानें कां खर्च होतो, आणि रयतेच्या पोरांच्या शाळा उपाशी कां राहतात? वरच्या थोड्यांना शिकवा, म्हणजे विद्या आपोआप झिरपत खालीं येईल, असें त्या वेळचे राज्यकर्ते म्हणत. पाणी वरून खालीं येतें, हें शेतकऱ्याला कोणीं शिकवायला नको. पण वरच्या वाफ्यावर बसलेल्यानें दारेंच मोडलें नाहीं, तर खालचा वाफा कोरडा राहतो, हेंही त्याला पक्कें ठाऊक आहे.

जोतीरावांनीं मागितलें काय? निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा. लोकल फंडाचा निदान अर्धा पैसा प्राथमिक शाळांवर खर्चा. मास्तर शक्य तों कष्टकरी वर्गांतले नेमा, ज्यांना प्रसंग पडला तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरण्याची लाज वाटणार नाहीं. आणि त्यांना बारा रुपयांहून कमी पगार देऊं नका. मुलांना मोडी-बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचें, नीतीचें व आरोग्याचें ज्ञान द्या. कलमें इतकीं साधीं! आतां एकेक कलम घेऊं आणि तें कोठवर आलें तें पाहूं.

पहिलें कलम सक्तीचें. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं आपल्या सबंध राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. नामदार गोखल्यांनीं १९११ सालीं सबंध हिंदुस्थानासाठीं तसें बिल आणलें. तें १९१२ सालीं कौन्सिलांत पाडण्यांत आलें. गोखले जातीनें ब्राह्मण होते, पण या कामीं ते रयतेच्या बाजूनें उभे राहिले, हें सत्याला स्मरून सांगितलें पाहिजे. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा केला. १९१८ सालीं आपल्या नगर जिल्ह्यांत मराठा विद्या प्रसारक समाज निघाला. १९१९ सालीं भाऊराव पाटलांनीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढें त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीला जेवूं लागलीं. १९५० सालीं राज्यघटनेनें वचन दिलें, कीं दहा वर्षांच्या आंत चौदा वर्षांखालील सर्व मुलांना मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील. १९६० आलें आणि गेलें. २००२ सालीं घटनादुरुस्ती झाली, २००९ सालीं कायदा झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. १८८२ पासून मोजा: १२८ वर्षें! आमच्या वडिलांनीं एक तिफण भरून द्यायला १२८ वर्षें लावलीं असतीं, तर त्या शेतांत काय उगवलें असतें?

आणि एवढें करूनही हा हक्क चौदाव्या वर्षीं संपतो. चौदावें वर्ष म्हणजे आठवी. मुलींच्या लग्नाच्या गोष्टी आणि मुलांची मजुरी नेमकी तेथूनच सुरू होते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणांत तीन ते अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा आहे. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. अठरा वर्षांपर्यंतचा हक्क कायद्यांत लिहिला जाईपर्यंत हें कलम निकालांत निघालें असें आम्ही म्हणणार नाहीं.

दुसरें कलम पैशाचें. १९६६ सालीं कोठारी कमिशननें सांगितलें, कीं राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा ६ इतका खर्च शिक्षणावर व्हावा. २०२० च्या धोरणानेंही पुन्हा ६ हाच आंकडा लिहिला. चोपन्न वर्षांनीं तोच आंकडा पुन्हा लिहावा लागला, यांतच सारें आलें. या तुटीचें फळ काय? सकाळीं हमरस्त्यावर उभे राहा, म्हणजे दिसेल. एका पोराला न्यायला पिवळी बस येते. दुसरें पोर दप्तर पाठीला लावून पायीं सरकारी शाळेंत जातें. तिसरें पोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन उसाच्या फडाकडे जातें. तिघेंही एकाच वयाचीं, एकाच देशाचीं; पण तीन निराळ्या पेठांतला माल असावा तशी त्यांची वांटणी झालेली!

कायदा म्हणतो, खासगी शाळांनीं पहिल्या वर्गांतल्या शेंकडा २५ जागा दुर्बल घरच्या मुलांना द्याव्या. २०२४ च्या फेब्रुवारींत राज्य सरकारनें नियम फिरवला, कीं एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेनें या जागा देण्याचें कारण नाहीं. लोक कोर्टांत गेले. १९ जुलै २०२४ रोजीं मुंबई हायकोर्टानें तो बदल रद्द केला, आणि पुढच्याच महिन्यांत सुप्रीम कोर्टानेंही हायकोर्टाचा निकाल कायम ठेवला. हक्क मागितल्यावांचून टिकत नाहीं, हा त्यांतला धडा. पण कांहीं पोरें दुसऱ्याच्या वाड्यांत घुसलीं म्हणून आपल्या घराचें छप्पर शाकारायचें सोडून चालत नाहीं. आपली गांवची शाळा चांगली होणें, हाच खरा इलाज.

२०२३ सालीं वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा बेत पुढें आला. अशा लहान शाळा राज्यांत १४ हजारांहून अधिक आहेत. सात मुलें, चार वर्ग आणि एक मास्तर, अशी शाळा चांगली असते, असें आम्ही खोटें सांगणार नाहीं. पण वस्तीवरची शाळा बंद झाली, तर उसाच्या ट्रॅक्टरांच्या रस्त्यानें दोन-तीन किलोमीटर जाण्यासाठीं आई कोणाला पाठवील आणि कोणाला घरीं ठेवील, हें या सभेंतल्या बायांना विचारा. मुलगी प्रथम घरीं बसेल. म्हणून आमचें म्हणणें एवढेंच: आधीं रोजच्या गाडीची व्यवस्था करा, वस्तीवरच्या आयांची संमति घ्या, मगच शाळेला हात लावा.

तिसरें कलम आमचें, म्हणजे मास्तरांचें. जोतीरावांनीं मास्तराला पोटभर पगार मागितला. आपल्या राज्यांत २००० सालापासून नवा मास्तर तीन वर्षें ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर राबतो. तें मानधन प्राथमिक शाळेंत बरींच वर्षें महिना ६,००० रुपये होतें, २०२३ सालीं तें १६,००० झालें. शिवाय कायद्याचें २७ वें कलम सांगतें, कीं जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका एवढीं कामें सोडून मास्तराला शिकवण्याखेरीज दुसऱ्या कामाला लावूं नये. तरी मोबाईलवर आज ही माहिती भरा, उद्यां ती भरा, यांत शाळेच्या घंटा जातात. हें गाऱ्हाणें खरें आहे. पण तें सांगून आम्ही सुटणार नाहीं. आमच्यांतही उशिरा येणारे आहेत, फळ्यावर उतारा लिहून खुर्चीवर बसणारे आहेत, आणि पोराची जात व कपडे पाहून बाक ठरवणारेही आहेत. आम्ही बहुजनांच्या घरांतून आलों, पण खुर्ची मिळतांच वाकस विसरलों. जोतीरावांनीं कष्टकऱ्याचा मुलगा मास्तर मागितला, तो खुर्चीसाठीं नव्हे. तो आपल्या पोराचें दुःख ओळखील म्हणून.

चौथें कलम काय शिकवावें याचें. येथें आमची एक चूक सांगतों. आमच्या वर्गांत एक मुलगा होता. फळ्यावर गुणाकार घातला कीं त्याची मान खालीं. आम्हीं त्याला कच्चा ठरवून मागच्या बाकावर बसवलें. पुढें एके दिवशीं आम्ही कांद्याच्या लिलावाला गेलों, तों तोच मुलगा बापाशेजारीं उभा. पट्टी हातांत आली. गोण्या, वजन, भाव, हमाली, तोलाई, सारें त्यानें उभ्या उभ्या पाहिलें आणि बापाला म्हणाला, “आप्पा, हमाली दोनदां कापलीय.” पट्टी परत गेली आणि दुरुस्त होऊन आली. आम्ही मात्र खालीं मान घालून घरीं आलों. कच्चा कोण होता, तो कीं आम्ही?

ही कांहीं घोडेगांवच्याच बाजारांतली गोष्ट नव्हे. २०२५ सालीं अभिजित बॅनर्जी व एस्तेर डुफ्लो या नोबेल मिळालेल्या अर्थशास्त्रज्ञांनीं इतर संशोधकांबरोबर एक पाहणी ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत माल विकणाऱ्या मुलांचा तोंडी हिशेब अचूक निघाला. पण तोच हिशेब शाळेच्या रीतीनें कागदावर दिला तर त्यांना जमेना. उलट शाळेंत जाणाऱ्या मुलांना कागदावरचें गणित येई, पण बाजारांतला व्यवहार जमेना. म्हणजे बाजार आणि शाळा यांच्यामध्यें भिंत आहे, आणि ती पाडणें मास्तराचें काम आहे. त्या दिवसापासून आम्ही गुणाकार कांद्याच्या पट्टीपासून सुरू करतों आणि मग फळ्यावर जातों. मागच्या बाकावरचीं पोरें पुढें येतात. व्याज, वजन, मोटारीच्या पाण्याचे तास, दुधाचें फॅट, हें सारें गणितच आहे.

भाषेचेंही तसेंच. आपल्याच नेवाशांत १२९० सालीं ज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ मराठींत सांगितला. संस्कृत न जाणणाऱ्यांसाठीं सांगितला. समजणें आधीं, हा त्यांतला अर्थ. इंग्रजी शिकूं नका, असें आम्ही कधींही म्हणणार नाहीं. तसें सांगणारांचीं स्वतःचीं पोरें बहुधा इंग्रजी शाळेंत असतात. इंग्रजी शिकवाच, आणि आमच्याकडून ती नीट शिकवून घ्या. पण ज्या पोराला मराठींतला उतारा वाचून अर्थ सांगतां येत नाहीं, त्याच्या गळ्यांत टाय बांधल्यानें त्याला ज्ञान होत नाहीं. आईच्या भाषेंत विचार करायला शिकलेलें पोर दुसरी भाषा लवकर उचलतें, हा आमचा वर्गांतला अनुभव आहे. तेव्हां फी भरण्यासाठीं म्हैस विकण्यापूर्वीं पोराला जवळ बसवून एक पान वाचायला लावा, आणि मग ठरवा.

आतां शेवटची गोष्ट, आणि जिच्यासाठीं आम्ही आज उभे आहों ती. ती बोलायला कठीण जातें.

कायदा येऊन चार-पांच वर्षें झालीं होतीं. आम्ही तेव्हां दुसऱ्या एका गांवच्या शाळेवर होतों. डिसेंबरचे दिवस होते. एक दहा वर्षांची मुलगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन वर्गाच्या खिडकीशीं येऊन उभी राही. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली. आईबाप पहांटे कोयता घेऊन फडांत जात. पाणी भरणें, भाकरी थापणें आणि भाऊ सांभाळणें तिच्याकडे. तिसऱ्या दिवशीं ती दारांत आली आणि म्हणाली, “गुर्जी, मी बसूं का?” आम्हीं विचारलें, “दाखला आणलास कां?” ती निमूट निघून गेली. पुन्हां खिडकीशीं आली नाहीं.

दाखल्यावांचून प्रवेश नाकारतां येत नाहीं, हें आम्हांला ठाऊक होतें. वर्षाच्या मध्येंही मूल घ्यावें लागतें, वयाप्रमाणें वर्गांत बसवावें लागतें, हेंही ठाऊक होतें. पण नांव घातलें कीं कागद वाढणार, हंगाम संपला कीं ती जाणार, मग गैरहजेरीचा जाब आम्हांला द्यावा लागणार, असा हिशेब आम्हीं मनांत केला. तिला कायद्यानें नाकारलें नाहीं. आमच्या आळसानें नाकारलें. सावित्रीबाईंच्या तसबिरीला आम्हीं त्याही वर्षीं हार घातला होता.

बांधवहो, आतां तुम्हांलाही एक विचारतों. सोनईचा कारखाना, भेंड्याचा कारखाना यांना जाणारा ऊस कोणाचा? तुमचा-आमचा. तो तोडायला पाथर्डी, शेवगांव, बीडकडून येणारीं माणसें कोण? कोरडवाहू शेतकरीच, आपल्याच रक्ताचीं. पाऊस पडला असता तर तीं आलीं नसतीं. जोतीरावांच्या काळीं शेटजी-भटजींकडे बोट दाखवणें सोपें होतें, आणि तें खरेंही होतें. पण १९६२ सालीं जिल्हा परिषदा झाल्या, कारखाने निघाले, शिक्षणसंस्था वाढल्या, आणि त्यांच्या खुर्च्यांवर आपलीं माणसें बसलीं. मग आज कोपींतल्या पोरीला शाळेबाहेर कोणीं ठेवलें? आतां बोट कोणाकडे करायचें? काल ओसरीखालीं उभे राहणारे आम्ही, आज ओसरीवर बसून दुसऱ्याला दाखला मागतों. जोतीरावांचा अर्ज आतां कोण्या हंटरसाहेबाच्या टेबलावर पडलेला नाहीं. तो आपल्या टेबलावर पडला आहे.

म्हणून या सभेपुढें आम्ही पांच गोष्टी ठेवतों. त्यांना सरकारच्या नव्या हुकमाची गरज नाहीं.

एक: कायद्याप्रमाणें शाळा व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. नुसत्या सह्यांपुरत्या बाया नकोत. महिन्याची बैठक संध्याकाळीं, मजुरीवरून आल्यावर ठेवूं. शाळेचा पैसा कोठें गेला, हें तेथें मोठ्यानें वाचलें जाईल.

दोन: उद्यां सकाळीं समितीचे लोक आणि आम्ही मिळून गांवाभोंवतालच्या कोप्यांवर जाऊं, पोरांचीं नांवें लिहूं, आणि दाखल्याची वाट न पाहतां त्यांना वर्गांत बसवूं. ज्यांच्या कडेवर धाकटें भावंड आहे, त्यांनीं तें बरोबर आणावें. अंगणवाडीच्या बाईंशीं आम्ही बोललों आहों. हंगाम सरला कीं पोर काय शिकलें तें शिक्षण हमी पत्रकावर लिहून हातांत देऊं, म्हणजे गांवीं तें पुन्हां पहिल्या पानापासून सुरू व्हायला नको.

तीन: ज्यांचा ऊस तुटतो, त्यांनीं मुकादमाला एवढेंच बजावावें, कीं शाळेच्या वेळेंत पोर फडांत दिसतां कामा नये. हा शब्द मास्तराचा चालत नाहीं, बागाईतदाराचा चालतो.

चार: आठवीनंतर एकही मुलगी घरीं बसूं नये. खेड्यांतल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठीं एस.टी.चा प्रवास मोफत आहे, आणि त्या योजनेला आपल्याच जिल्ह्यांतल्या चौंडीच्या अहिल्याबाईंचें नांव आहे. आठवींत राष्ट्रीय शिष्यवृत्तीची परीक्षा असते. उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या गरीब घरच्या मुलाला पुढें वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तिची तयारी आम्ही शाळा सुटल्यावर करून घेऊं, आणि त्याची फी घेणार नाहीं.

पांच: आम्ही चुकलों तर आम्हांला विचारा. मास्तर उशिरा आला, पोराला मारलें, जातीवरून बोलला, तर गप्प बसूं नका. मास्तराचा मान राखा, पण पोराच्या नुकसानीनें राखूं नका.

एवढें बोलून आम्ही बसतों. हजेरीचें नवें पुस्तक आम्हीं आजच घेऊन ठेवलें आहे. त्याचीं पहिलीं पानें कोरीं आहेत. उद्यां सात वाजतां शाळेच्या फाटकापाशीं जमूं. ज्यांना यायचें असेल त्यांनीं पायांत वहाणा घालून यावें. उसाच्या खोडक्यांतून चालायचें आहे.